राउटरला कसं कळतं की तो बडोद्यात आहे? कंट्री, चॅनेल आणि पावरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी न्यू जर्सीत असतं आणि डिसेंबरात ते आले की बॅगेत चॉकलेटं, बदाम आणि हल्ली एक राउटर असतोच, "इथे सेलमध्ये होता, घेऊन आलो". मग तो राउटर लावायला मला फोन येतो. मी काही इंजिनिअर वगैरे नाही, नातेवाइकांचा वायफायवाला आहे बस, पण गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

राउटरमध्ये जीपीएस असतो का?

घरातल्या राउटरमध्ये जवळजवळ कधीच नसतो. लोकांना वाटतं फोनसारखं त्यालाही कळत असणार, पण त्या डब्याला खरंच काही पत्ता नसतो की तो दांडिया बाजारात आहे का अमेरिकेतल्या कुठल्या बेसमेंटमध्ये. कोणीतरी सांगितलेलं असतं आणि तो त्यावर विश्वास ठेवतो. बाकीचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण सांगणारा कधी फॅक्टरीवाला असतो, कधी तुम्ही, कधी तुमचा फोन, कधी सिम कार्ड, आणि यांचं एकमेकांशी जमेलच असं नाही.

मग कंट्री कुठून येते?

सगळ्यात कॉमन म्हणजे फॅक्टरीत. एकच मॉडेल अमेरिकेसाठी वेगळं, युरोपसाठी वेगळं, भारतासाठी वेगळं बनतं, हार्डवेअर बऱ्याचदा तेच पण आतल्या मेमरीत एक कोड लिहिलेला असतो. वायफाय चिपचं कॅलिब्रेशन जिथे साठवतात तिथेच हा रीजनचा कोड बसतो, त्यामुळे पिन खुपसून फॅक्टरी रीसेट मारला की पासवर्ड जातो, नाव जातं, पण रीजन तसंच राहतं. खूप जणांना हे माहीत नसतं, तीन तीनदा रीसेट मारून बसतात.

दुसरं म्हणजे पहिल्यांदा चालू करताना तो तुम्हाला विचारतो, देश निवडा. लोक तिथे नेक्स्ट नेक्स्ट करत जातात, आणि यादीत जे पहिलं असेल ते लागतं. तिसरं, हल्ली सेटअप ॲपमधून होतो आणि ॲप तुमच्या फोनचं लोकेशन मागतं, म्हणजे राउटरला नसलेला जीपीएस तो तुमच्या खिशातून उसना घेतो. काही क्लाउडवाले इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून देशाचा अंदाज बांधतात. सिमवाल्या राउटरला सगळ्यात सोपं, कारण मोबाइल टॉवर स्वतःचा देशाचा नंबर सांगत असतो, भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढे. टॉवर काही बॅगेत घालून आणता येत नाही, म्हणून ही खूण बऱ्यापैकी भरवशाची.

कंट्री चुकली तर असा काय फरक पडतो, नेट तर चालतंय ना?

चालतंय ते ठीक, पण कंट्रीवर तीन गोष्टी ठरतात: कुठले चॅनेल (म्हणजे हवेतल्या लेन) वापरायचे, किती पावरने ओरडायचं, आणि कुठल्या चॅनेलवर बोलायच्या आधी कान देऊन ऐकायचं.

२.४ गीगाहर्ट्झचं उदाहरण घ्या. चॅनेल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ, मग पाच पाच मेगाहर्ट्झने वर जात १३ म्हणजे २४७२. आपल्याकडे १ ते १३ चालतात. अमेरिकन माल ११ वरच थांबतो. तिथे १२ आणि १३ ला तशी सरळ बंदी नाहीये पण २४८३.५ च्या पलीकडे सिग्नल सांडू नये याचा नियम इतका कडक आहे की कंपन्या म्हणतात जाऊ दे, बंदच करून टाका. आणि १४ नंबर फक्त जपानमध्ये, तोही ८०२.११बी या वायफायच्या जुन्या पिढीसाठी.

भारतात हा २.४ चा बँड लायसन्समधून मोकळा झाला जानेवारी २००५ मध्ये, ट्रान्समीटरची पावर जास्तीत जास्त १ वॉट आणि अँटेनाचा जोर धरून ४ वॉट. युरोपमध्ये अँटेनासकट १०० मिलीवॉटच. म्हणजे तोच राउटर, देश बदलला की कायद्याने चाळीसपट फरक. ५ गीगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे आधी तुकड्यातुकड्याने परवानगी होती, मग ऑक्टोबर २०१८ च्या नोटिफिकेशनने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढं सगळं मोकळं झालं. त्याच्या आधीच्या फर्मवेअरवर (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) अडकलेले जुने राउटर मधले चॅनेल दाखवतच नाहीत, अपडेट केलं तर कधी दिसतात, कधी कंपनीने ते मॉडेल वाऱ्यावर सोडलेलं असतं.

टीव्हीच्या स्टिकला घरचं वायफाय दिसतच नाही, फोनला मात्र दिसतं. असं कसं?

मांजलपूरला मावशीकडे झालेला किस्सा सांगतो, बहुतेक तुमचंही तेच असेल. मावसभावाने अमेरिकेतून टीव्हीची स्टिक आणलेली, वर्षभर मस्त चालली, आणि एका संध्याकाळी सिरीयलच्या टायमाला गायब. मावशी म्हणाली, "अरे शेजारच्यांचं नाव दिसतंय, आपलंच नाही दिसत, रुसलंय का काय". काकांनी राउटर चारदा बंद-चालू केला, केबलवाल्याला बोलावलं, त्याने स्टिक खराब आहे सांगून नवीन घ्यायला लावायची पूर्ण तयारी केली. मी गेलो, फोनवर चॅनेल दाखवणारं ॲप उघडलं, तर राउटर बसलेला १३ वर. राउटर इथलाच, चॅनेल ऑटोवर ठेवलेला, दुपारी लाइट गेली असणार, परत आल्यावर त्याने आजूबाजूला ऐकलं आणि रिकामा दिसला म्हणून १३ पकडला. त्याचं काही चुकलं नाही, भारतात १३ चालतो. पण स्टिक पक्की अमेरिकन, तिच्या लेखी ११ च्या पुढे काही नाहीच.

ऑटो काढून चॅनेल ६ केला, दोन मिनिटांत स्टिक जागी. त्या बदल्यात सेव उसळ मिळाली, आणि केबलवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

घरात एक जरी वस्तू अमेरिकेतली असेल, बल्ब असो नाहीतर प्रिंटर, तर २.४ ला १, ६ किंवा ११ फिक्स करून टाका. तसेही एकमेकांवर न चढणारे चॅनेल हेच तीन.

अमेरिकेहून आणलेला राउटर इथे लावू का?

आधी अडॅप्टर बघा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर पिन बदलून चालेल, नुसतं १२० लिहिलं असेल तर लावू नका, धूर निघालेला मी पाहिलाय.

आता रेडिओचं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या राउटरमध्ये वापरणाऱ्याला देश बदलता येऊ नये असा तिथल्या एफसीसीचा (रेडिओचे नियम करणारी सरकारी संस्था) नियम आहे, म्हणून तुम्हाला मेनूमध्ये युनायटेड स्टेट्स राखाडी रंगात दिसेल आणि काही केल्या हलणार नाही. त्यात तुमची चूक नाही. २.४ आणि ५ चे त्याचे बहुतेक चॅनेल योगायोगाने आपल्या नियमांतही बसतात, १७७ सारखा एखादा वरचा चॅनेल सोडून, कारण आपली हद्द ५८७५ ला संपते. खरी भानगड ६ गीगाहर्ट्झची, ती पुढे वेगळी लिहिलीये. शिवाय आपल्याकडे वायरलेस वस्तूला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून ईटीए नावाची मंजुरी लागते, भारतात विकलेल्या मॉडेलला ती कंपनीने घेतलेली असते, बॅगेतून आलेल्याला कोण घेणार.

माझं स्पष्ट मत, आणू नका. त्या पैशात इथे वॉरंटीसकट मिळतो.

इन्स्टॉलवाला म्हणाला कंट्री अमेरिका करून टाका, रेंज वाढेल. करू?

हा सल्ला मला वाटतं रावपुऱ्यातल्या हवेतच आहे. "साहेब, कंट्री अमेरिका करी नाखो, पावर वधशे." आता वर लिहिलंय ते परत बघा, २.४ ला आपली लिमिट ४ वॉट आहे आणि अमेरिकेचीही एवढीच, मग वधणार काय? फरक पडलाच तर उलटा पडतो, १२ आणि १३ हातचे जातात.

आणि समजा कुठल्या तरी देशाच्या नावाने पावर खरंच वाढली, तरी वायफाय दोन्हीकडून बोलतं. सूरसागरच्या एका काठावरून तुम्ही लाउडस्पीकर लावून बोलताय आणि समोरच्या काठावरचा माणूस साध्या आवाजात उत्तर देतोय, तर तुमचा आवाज त्याला जाईल, त्याचा तुम्हाला येणार नाही. फोनची बॅटरी एवढीशी, त्याचा ट्रान्समीटरही तेवढाच. वर एका ठरावीक पावरच्या पुढे राउटरचा ॲम्प्लिफायर आवाज फाडायला लागतो, फुल दांड्या दिसतात आणि स्पीड पडतो. मागच्या खोलीत रेंज नाही तर तिथे वायर ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा) लावा. कंटाळवाणं उत्तर आहे पण हेच आहे.

एवढ्याशा सेटिंगवर कोणी लक्ष देतं का असं वाटत असेल तर ऑगस्ट २०१६ आठवा. टीपी-लिंकने अमेरिकेत विकलेल्या काही राउटरमध्ये देशाचं सेटिंग बदलून २.४ ची पावर मंजुरीपेक्षा जास्त करता येत होती, एफसीसीने त्यावर २ लाख डॉलरची तडजोड करून घेतली. आता कंपन्या कुलूप का घालतात त्याची थोडी कल्पना आली असेल.

लॅपटॉप शेजाऱ्याच्या राउटरवरून देश ठरवतो हे खरं आहे का?

खरं आहे आणि मला हा सगळ्यात मजेशीर भाग वाटतो. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन सोडतो, मी इथे आहे, माझं नाव अमुक. २००१ मध्ये ८०२.११डी नावाचं एक कलम आलं, त्यानुसार त्या बीकनमध्ये देशही घालता येतो. दोन अक्षरं देशाची, भारतासाठी आय आणि एन, आणि तिसरं अक्षर घरात की बाहेर हे सांगायला, त्याच्यापुढे कुठले चॅनेल आणि किती पावर याची यादी. लॅपटॉप, फोन हे ऐकतात आणि त्याप्रमाणे वागतात.

इंटेलच्या बऱ्याच कार्डांत तर फर्मवेअरच आजूबाजूचे बीकन ऐकून देश ठरवतं आणि तुम्ही लिनक्समधून कितीही कमांड मारा, ऐकत नाही. म्हणूनच त्या कार्डावर ५ गीगाहर्ट्झचा हॉटस्पॉट करायला गेलं की एरर येतो. जुने मॅक जो देश पहिल्यांदा ऐकू आला तोच धरून बसायचे.

आता आमची पोळ डोळ्यासमोर आणा (खायची नव्हे, राहायची). भिंतीला भिंत लागून घरं, माझ्या खिडकीत बसून मला पंचवीस-तीस वायफाय दिसतात. त्यात दोन घरांत अमेरिकन राउटर, ते ओरडतायत यूएस, बाकी सगळे ओरडतायत आयएन, काही काहीच बोलत नाहीत. बिचाऱ्या लॅपटॉपने कोणाचं ऐकायचं? बहुतेक वेळा निभावतं, पण कधीतरी "काल १३ वर दिसत होतं आज नाही" असं होतं त्याचं मूळ असं दोन घरं सोडून असू शकतं. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की कंट्री कोड दिसतो. लिनक्सवर "आयडब्ल्यू रेग गेट". स्वतःच बघून घ्या.

आणि फोन?

सिम असेल तर बहुतेक टॉवरचं ऐकतो. सिम काढून जुना फोन वायफायवर वापरत असाल तर आजूबाजूच्या राउटरचं. काही फोनमध्ये देश कळलाच नाही तर ५ गीगाहर्ट्झचा हॉटस्पॉट सुरूच होत नाही, फ्लाइट मोडमध्ये ट्राय करा, दिसेल.

५ गीगाहर्ट्झवालं वायफाय मधेच एक मिनिट गायब होतं, मग परत येतं. हरणीच्या विमानतळामुळे का?

विमानतळ बिचारा उगाच बदनाम. काय होतं ते सांगतो.

५ गीगाहर्ट्झमधले मधले चॅनेल, ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, हे मुळात रडारवाल्यांचे. हवामानाचे रडार, लष्कराचे. वायफायला तिथे पाहुणा म्हणून राहायची परवानगी आहे, यजमान आला की उठायचं. ही युक्ती २००३ मध्ये ८०२.११एच मधून आली, नाव डीएफएस. राउटर अशा चॅनेलवर जायच्या आधी पूर्ण ६० सेकंद गप्प बसून ऐकतो, युरोपात हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर दहा मिनिटं. काही ऐकू आलं नाही तरच बोलायला सुरुवात. चालू असताना रडारसारखं काही वाटलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास त्याकडे फिरकायचं नाही. तुमचं एक मिनिट गायब होणं ते हेच, बंद-चालू केल्यावर ५ वालं उशिरा येतं तेही हेच.

विमानतळाचे विमानं बघायचे नेहमीचे रडार साधारण २.७ ते २.९ गीगाहर्ट्झला असतात, त्यांचा तुमच्या ५ शी संबंध नाही. बऱ्याचदा तर रडार नसतंच, राउटरला भास होतो, शेजारच्या दुसऱ्या राउटरचे तुटक सिग्नल त्याला रडारच्या ठोक्यांसारखे वाटतात. पण नियम असाय की शंका आली तरी उठायचं. वारंवार होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मध्ये फिक्स करा, तिथे ही भानगड नाही. हां, सगळे तेच करतात म्हणून तिथे गर्दी. रात्री निवांत असतं, संध्याकाळी नाही.

देशाचं सेटिंग खोटं ठेवलं की धोका खरा इथे आहे. ज्या देशात एखाद्या चॅनेलवर ऐकायची सक्ती नाही तो देश लावला तर राउटर न ऐकता बोलायला लागतो. अमेरिकेत विमानतळांजवळ वादळी वारे ओळखणारे डॉपलर रडार याच ५६०० ते ५६५० मध्ये आहेत, आणि २००९ च्या सुमाराला प्यूर्टो रिकोतल्या सान हुआनच्या अशा रडारला घराबाहेर उघड्यावर लावलेल्या ५ गीगाहर्ट्झच्या रेडिओंनी त्रास दिला तेव्हा तिथल्या लोकांनी शोध घेऊन एकेकाला पकडलं. रडारच्या पडद्यावर त्या दिशेला सरळ रेघ उमटते, म्हणजे कोण बोलतंय ते लपत नाही.

६ गीगाहर्ट्झ, वायफाय ६ई आणि ७, याचं भारतात काय?

अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ असे एकदम १२०० मेगाहर्ट्झ उघडले. आपल्याकडे मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मसुदा नियम काढले ते खालच्या भागाचे, ५९२५ ते ६४२५, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ. त्यात दोन प्रकार, घरात कमी पावरचं आणि बाहेर अति कमी पावरचं. गाडी, बोट, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नाही, आणि ड्रोन चालवायला तर अजिबात नाही.

एवढी काळजी कशाला, तर उपग्रहांकडे वर जाणारे सी-बँडचे सिग्नल याच ५९२५ ते ६४२५ मध्ये असतात, टीव्ही चॅनेलवाले त्यावरूनच वर पाठवतात. भिंतींच्या आत कमी पावरने बोललात तर तो आवाज बाहेर पोचता पोचता मेलेला असतो.

अमेरिकेचे नियम इथे मस्त डोकेबाज आहेत. राउटर घरात आहे हे त्याला कसं कळणार, जीपीएस नाही काही नाही. मग त्यांनी डबाच असा बनवायला लावला की तो बाहेर राहूच शकणार नाही: बॅटरीवर चालता कामा नये, पाऊस-ऊन सोसणारं कव्हर नको, अँटेना सुटा करता येता कामा नये. प्लगला बांधलेला आणि पाण्याला घाबरणारा डबा जाऊन जाऊन जाणार कुठे, हॉलमध्येच बसणार. लोकेशन ओळखायचा हा मला माहीत असलेला सगळ्यात देशी जुगाड आहे आणि तो अमेरिकेच्या सरकारने केलाय.

म्हणून वर म्हटलं तसं, अमेरिकन वायफाय ७ राउटर आणलाच असेल तर त्याचा ६ गीगाहर्ट्झचा रेडिओ सेटिंगमधून बंद ठेवा. तो आपल्या हद्दीच्या वर ७१२५ पर्यंत बागडतो, त्याला वाटतंय तो अजून जर्सीतच आहे.

म्हणजे कुठल्याच राउटरला स्वतःचं ठिकाण खरंखुरं माहीत नसतं?

आता असायला लागलंय. अमेरिकेत ६ गीगाहर्ट्झमध्ये जास्त पावर, अँटेनासकट ४ वॉटपर्यंत, वापरायची असेल तर ॲक्सेस पॉइंटला आपले अक्षांश, रेखांश, अँटेनाची उंची आणि त्यात किती चूक असू शकते हे सगळं एएफसी नावाच्या सिस्टीमला कळवावं लागतं. त्या सिस्टीमकडे तिथल्या मायक्रोवेव्ह लिंकची (टॉवरवरून टॉवरला जाणाऱ्या रेडिओ जोडण्यांची) यादी असते, ती हिशोब करून सांगते की तू इथे आहेस, तर हे चॅनेल एवढ्या पावरने वापर. आणि हे दिवसातून एकदा तरी परत विचारायचं, उत्तर नाही आलं तर गप्प बसायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफसीसीने अशा सिस्टीमना धंद्यासाठी हिरवा कंदील दिला.

इतकी वर्षं नुसता देश कळला की काम भागायचं, बडोदा काय आणि मुंबई काय, नियम एकच. इथे मात्र मीटरचा हिशोब. आणि जीपीएसला आकाश दिसावं लागतं, ॲक्सेस पॉइंट छताला आत ठोकलेला, मग काय करायचं? एखाद्याला खिडकीशी बसवून जीपीएस घ्यायचा आणि बाकीच्यांनी आपण त्याच्यापासून किती लांब आहोत ते मोजायचं, असे उपाय त्यावर काढलेत.

ऑफिसमधले ॲक्सेस पॉइंट कसं करतात?

मोठ्या ठिकाणी कंट्रोलरवर देश लिहितात आणि तो सगळ्यांना वाटतो. सिस्कोने एक युनिव्हर्सल प्रकार काढला होता, बॉक्समधून निघताना त्याला देशच नसायचा. माणूस फोनचं ॲप घेऊन खाली उभा राहायचा, फोनचा जीपीएस देश सांगायचा, एक शिकला की तो शेजारच्याला शिकवायचा, तो पुढच्याला. लग्नाच्या पंगतीत "इकडे वाढा" पुढे पुढे जातं तसं.

घरच्या मेशमध्येही (एकच वायफाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे) मेन युनिट देश ठरवतं, बाकीचे मुकाट ऐकतात.

ओपनडब्ल्यूआरटी टाकलं आणि ५ गीगाहर्ट्झ गेलं. जळला का राउटर?

नाही हो. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर टाकायचं लिनक्सवालं सॉफ्टवेअर, आणि त्यात तुम्ही देश निवडला नाहीये. लिनक्समध्ये देश माहीत नसेल तर शून्य शून्य नावाचा जगाचा देश लागतो, म्हणजे जिथे कुठे असशील तिथे चालेल एवढंच कर. १ ते ११ वर बोल, बाकी ठिकाणी नुसतं ऐक, स्वतःहून सुरुवात करू नकोस. आणि ॲक्सेस पॉइंटचं कामच मुळी स्वतःहून सुरुवात करणं, त्यामुळे ५ वर तो उठतच नाही. वायरलेसच्या सेटिंगमध्ये कंट्री कोड भारत करा, सेव्ह करा, डीएफएस चॅनेल असेल तर एक मिनिट थांबा. ही सगळ्या देशांची यादी एका सही केलेल्या फाइलमध्ये असते आणि लिनक्स कर्नल ती सही तपासून वाचतो, मनाने बदलून चालत नाही.

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) तर आणखी सोवळा, देश सांगितल्याशिवाय वायफायच चालू करत नाही. ईएसपी३२ (प्रोजेक्टमध्ये वापरतात ती वायफायची चिप) वाल्यांनी लक्षात ठेवा, डीफॉल्टला तो ज्या राउटरला जोडला जातो त्याचाच देश उचलतो, तोपर्यंत ११ पर्यंतच धावतो. एम.एस. युनिव्हर्सिटीतल्या एका पोराचा प्रोजेक्ट व्हायवाच्या आदल्या रात्री याच कारणाने अडला होता, हॉस्टेलचा राउटर १३ वर.

व्हीपीएन लावला तर राउटरला वाटेल का की आपण हॉलंडमध्ये?

व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून फिरवून आणणारी सोय. लॅपटॉपवर लावला तर काही फरक नाही. राउटरवरच लावला आणि तो क्लाउडकडून आयपीवरून देश विचारणारा असेल तर गडबडू शकतो, म्हणून आधी सेटअप पूर्ण करा, मग व्हीपीएन.

उत्तरायणला गच्चीवर वायफाय न्यायचंय, राउटर वर ठेवू?

दोन दिवसांसाठी घरचा राउटर एक्स्टेन्शन बोर्डाला लावून टाकीच्या सावलीत ठेवला तर आभाळ कोसळत नाही, मी पण ठेवतो, फक्त ६ गीगाहर्ट्झ असेल तर तो बंद, कारण ते घरातलं. कायमचा पाइप उभा करून मोठा अँटेना लावायचा बेत असेल तर २.४ च्या त्या २००५ च्या नियमात उंचीही दिलीये, छतापासून ५ मीटरच्या आत. पाइप घट्ट बांधा नाहीतर १४ तारखेला सकाळी कोणाचा तरी मांजा त्यात अडकणार आणि "काप्यो छे" च्या ऐवजी तुमच्या नावाने ओरडा होणार.

नवीन राउटर लावल्यापासून मॅप मला न्यू जर्सीत दाखवतोय! हॅक झालंय का?

हे मी शेवटी मुद्दाम ठेवलं, कारण हे ऐकून कारेलीबागच्या काकांनी खरोखर बँकेचे पासवर्ड बदलले होते. हॅक वगैरे काही नाही. घरात जीपीएस नीट मिळत नाही तेव्हा फोन आजूबाजूच्या राउटरचे हार्डवेअर पत्ते बघतो आणि एका मोठ्या यादीत शोधतो की हा पत्ता याआधी कुठे दिसला होता. काकांच्या मुलाने तिथे दोन वर्षं वापरलेला राउटर बॅगेत घालून आणला, आणि यादीत तो अजून एडिसनच्या एका गल्लीत. काका हॉलमध्ये बसून रिक्षा मागवायला गेले तर ॲपमध्ये तिकडचे रस्ते.

आसपासचे बाकीचे राउटर इथलेच असतात त्यामुळे पोळीत हे फार टिकत नाही. काकांचा बंगला एकटा, आजूबाजूला सिग्नल कमी, म्हणून त्यांना जास्त दिवस लागले. जीपीएस चालू ठेवून अंगणात आणि घरात थोडं फिरत राहायचं, फोन हळूहळू नवीन जागा कळवतात. गूगलच्या यादीत राउटर नकोच असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि नोमॅप हा शब्द जोडायचा, इंग्रजी अक्षरांत. काकांच्या राउटरने तीन आठवडे घेतले. रिक्षा तोवर काकू स्वतःच्या फोनवरून मागवत होत्या.